मनालीत ठेवायच्या गाडीतलं पाणी

डिचोलीच्या एका जोडप्याने प्रश्न पाठवलाय. फोर्स ट्रॅव्हलरवर त्यांनी कॅम्पर बांधून घेतलाय. नव्वद लिटरची टाकी, बारा व्होल्टचा पंप, सिंक, शॉवर, इन्व्हर्टरवर चालणारा सहा लिटरचा गीझर, कॅसेट टॉयलेट (मैल्याचा डबा बाहेर ओढून काढता येतो असं). नोव्हेंबरात निघून मनाली, तिथून अटल बोगद्यापलीकडे लाहौल बघायचं आणि डिसेंबरच्या सुरुवातीला गाडी मनालीजवळ ओळखीच्या माणसाच्या अंगणात ठेवून भुंतरहून विमानाने घरी यायचं. गाडी आणायला थेट मार्चअखेरीस जाणार. विचारतात, "टाकीचा कॉक उघडा ठेवला की काम झालं ना? आणि पाइपांत गाडीचं कूलंट घातलं तर चालेल का?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: अजिबात घालू नका. इंजिनातलं कूलंट साधारणपणे एथिलीन ग्लायकॉलचं असतं. ते विषारी आहे आणि चवीला गोड, म्हणून कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. ज्या नळाचं पाणी तुम्ही पुढे चहाला घेणार, त्या पाइपात ते एकदाही जाता कामा नये. पहिल्या प्रश्नाला मात्र वेळ लागेल.

आपल्याकडे गोठणं म्हणजे काय, तर डिसेंबरात पहाटे खोबरेल तेलाची बाटली घट्ट होते आणि आई ती उन्हात ठेवते. पारा अठरा-वीसवर आला की आपल्याला हुडहुडी भरते. त्या तेलाने बाटलीला काही होत नाही, कारण तेल गोठताना आक्रसतं. पाण्याचं उलट. चार अंशांपर्यंत तेही आक्रसतं, मग फुगायला लागतं आणि बर्फ होताना सुमारे ९ टक्के जास्त जागा मागतं. फ्रीझरमध्ये विसरलेली सोड्याची बाटली ज्याने पुसून काढलीय त्याला हे पुस्तकातून शिकायला नको.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या, कारण पुढची सगळी मेहनत तिच्यावर बेतलेली आहे. बर्फाला फुगायला जागा असली तर काही फुटत नाही. अर्ध्या भरलेल्या टाकीत बर्फ झाला तर तो वर चढतो. पाइपात तळाशी थोडं पाणी राहिलं आणि पाइपाची दोन्ही टोकं मोकळी असली तरी निभावतं. फुटतं ते कोंडलेलं पाणी. आणि पुष्कळदा बर्फ झाला तिथे पाइप फुटतच नाही. एका ठिकाणी बर्फाची गुडदी तयार होते, ती वाढताना पुढचं पाणी बंद नळाकडे ढकलते, आणि त्या गुडदी-नळामधल्या पाण्यावर एवढा दाब येतो की सगळ्यात कमजोर सांधा जातो. तो सांधा कदाचित गोठलेलाही नसतो. म्हणून टाकीचा कॉक उघडून तुम्ही नव्वदातले साडेअठ्ठ्याऐंशी लिटर काढलेत, तरी गाडी फोडायला उरलेला दीड लिटर पुरतो. तो बसलेला असतो पंपाच्या डोक्यात, फिल्टरच्या वाटीत, शॉवरच्या मिक्सरमध्ये. गीझरमध्ये तर अख्खे सहा लिटर वेगळेच असतात.

मी नऊ वर्षं इंग्लंडात स्विंडनला कॅम्पर दुरुस्तीच्या यार्डात होतो. (तिथे आपली गोंयकार मंडळी किती आहेत ते वेगळं सांगायला नको.) थंडीत तिथे काम मंद असायचं. मार्च लागला की रांग, कारण फुटलेलं हिवाळ्यात दिसत नाही, बर्फच बूच बनून बसलेला असतो. पहिल्यांदा पंप लावला की कळतं. माझी स्वतःची जुनी व्हॅनही त्या रांगेत लागली. एका वर्षी नाताळाला सहा आठवडे घरी आलो, त्याआधी टाकी रिकामी केली, नळ उघडून पाणी जाऊ दिलं आणि निघताना सगळे नळ नीट बंद केले. लहानपणी नळ उघडा टाकला की पाठीत धपाटा बसायचा, ती सवय. परतल्यावर पंप लावला, आवाज थांबेना. शॉवरच्या मिक्सरला गरम बाजूला केसाएवढी चीर होती. तेवढ्यातून पलंगाखालची प्लायवूड भिजून फुगली. मिक्सर स्वस्तात आला, प्लायवूडने तीन दिवस खाल्ले. तेव्हा पहिला नियम: गाडी सोडून येताना एकही नळ बंद असता कामा नये. सिंगल लिव्हरचा नळ असेल तर लिव्हर वर उचलून बरोबर मधोमध ठेवा, म्हणजे गरम आणि थंड दोन्ही वाटा मोकळ्या राहतात. एका बाजूला ढकललेला लिव्हर दुसरी बाजू कोंडतो. आतलं सिरॅमिक कार्ट्रिज आधी जातं.

हे कधी करायचं? मनाली साधारण २,०५० मीटरवर आहे. नोव्हेंबरच्या अखेरीस तिथे रात्री पारा शून्याला टेकतो आणि खाली जातो. अटल बोगदा ९.०२ किलोमीटरचा, २०२०च्या ऑक्टोबरात सुरू झाला, त्याची दोन्ही तोंडं ३,००० मीटरच्या वर. म्हणजे मनालीत जेवून निघालात तर तासा-दीड तासात तुम्ही हजार मीटर वर असता आणि हवा वेगळीच असते. माझं स्पष्ट मत: बोगद्यात शिरायच्या आधीच सगळी यंत्रणा कोरडी करा. लाहौलमध्ये दोन-तीन रात्री काढायच्या तर वीस लिटरचा कॅन आणि एक तांब्या आत ठेवा, जिथे माणसं झोपतात तिथे. आंघोळीची हौस मनालीत भागवा. टाकी गाडीच्या पोटाखाली लटकवलेली असेल तर हे दुप्पट लागू, कारण चालत्या गाडीचा वारा खालच्या पाइपांतली ऊब भराभर ओढून नेतो. आतला हीटर कितीही चालवा, पोटाखाली तो पोचत नाही.

वेळ दुपारची घ्या. संध्याकाळी व्हॉल्व्ह गोठून बसला की तो उघडत नाही आणि जोर लावला तर दांडाच हातात येतो. जागा सपाट नको, किंचित उताराची हवी, आणि ड्रेन कॉक ज्या बाजूला असेल ती बाजू खाली. पाणी रस्त्यावर सोडू नका. रात्री त्याचा काचेसारखा थर होतो आणि सकाळी पहिली दुचाकी त्यावर आडवी होते.

आता गीझर, कारण इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. आधी त्याचा स्विच बंद करा आणि पाणी निवू द्या. रिकामा गीझर चुकून चालू झाला तर कॉइल जळते, म्हणून स्विचवर चिकटपट्टी लावा. मग गरम नळ उघडला की गीझर रिकामा होतो असं वाटतं. होत नाही. गीझरमध्ये थंड पाणी तळाशी शिरतं आणि गरम पाण्याची नळी आतून वरपर्यंत गेलेली असते. गरम नळातून बाहेर पडतं ते फक्त पंपाने ढकललेलं पाणी. पंप थांबला की टाकी जशीच्या तशी भरलेली. थंड बाजूने उलटं निघेल म्हणाल, तर तिथे सेफ्टी व्हॉल्व्ह असतो आणि त्यात नॉन-रिटर्नही असतो, तो पाणी मागे सोडत नाही. म्हणून गरम नळ उघडा ठेवायचा, म्हणजे वरून हवा आत जाईल, आणि खालची थंड पाण्याची लवचीक नळी सोडवून तो व्हॉल्व्हच पान्याने काढायचा. खाली बादली धरा. सहा लिटरचा गीझर असेल तर बादलीत साडेपाचच्या वर भरलं पाहिजे. कमी भरलं तर पाणी आत आहे, तोंड खाली करून हलवा. काही गीझरना तळाशी वेगळा ड्रेन प्लग असतो, तो असला तर नशीब समजा. व्हॉल्व्ह परत बसवू नका, टेफलॉन टेपसकट डब्यात घालून गीझरशेजारीच बांधून ठेवा, मार्चमध्ये शोधाशोध नको.

कुणाकडे परदेशी बनावटीचा ट्रुमा बॉयलर असेल तर त्याला फ्रॉस्ट कंट्रोल नावाचा व्हॉल्व्ह असतो. सुमारे ३ अंशांना तो आपोआप उघडतो आणि बॉयलर मोकळा करतो. विजेची गरज नाही. पुन्हा बंद करायला त्याच्या आसपास ७ अंशांच्या वर ऊब लागते, हे माहीत नसलेले लोक थंडीत तासभर त्याच्याशी झटतात. पण तो फक्त बॉयलर वाचवतो. पाइप, पंप, नळ यांना तो ओळखत नाही. त्याच्या भरवशावर राहिलेल्यांच्या गाड्या मी उघडल्या आहेत. गॅस गीझर असेल तर आतल्या तांब्याच्या वेटोळ्यात पाणी राहतं, खालचा प्लग काढून ते काढा. बंद गाडीच्या आत गॅस गीझर लावलाच असेल तर मात्र थंडीपेक्षा मोठा धोका तुमच्या उशाशी आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. तो गीझर काढून टाका.

पंपाकडे या. डायफ्रॅम पंप असेल, म्हणजे टाकीबाहेर बसवलेला, घरघर करणारा, तर टाकी रिकामी झाल्यावर सगळे नळ उघडून त्याला अर्धा-एक मिनिट कोरडा चालू द्या, डोक्यातलं पाणी बरंचसं फेकलं जातं. टाकीत बुडवलेला सबमर्सिबल असेल तर असं करू नका, तो पाण्यानेच थंड राहतो. नंतर पंपाच्या दोन्ही नळ्या सोडवा आणि खाली फडकं धरा. पंपालाही नॉन-रिटर्न असतो, त्यामुळे पुढच्या लाइनीतलं पाणी टाकीकडे परत येत नाही आणि नुसता टाकीचा कॉक उघडण्याला त्या लाइनीसाठी काही अर्थ राहत नाही. पंपाआधीची जाळीची छोटी वाटी उघडा. पाणी शुद्ध करायचा फिल्टर असेल तर त्याचं कार्ट्रिज काढून बरोबर घरी आणा. ओलं गोठलेलं कार्ट्रिज दिसायला ठीक असतं, आतून फाटलेलं असतं. पंपाचा स्विच बंद करून मगच नळ उघडे सोडा. मायक्रोस्विचच्या नळांत, म्हणजे उघडला की पंप आपोआप सुरू करणाऱ्या नळांत, हे विसरलात तर पंप रात्रभर कोरडा फिरतो.

यानंतरही पाइपांत पाणी उरतं. कुळागरात वरच्या झरीवरून काळा पाइप खाली आणलेला असतो, आठवतंय? झर आटली तरी पाइप जिथे खोलगट झालाय तिथे पाणी बसून राहतं, कापला की भळाभळा येतं. गाडीतही तेच. फरशीखालून जाणारा पाइप जिथे झोळ खातो तिथे पेलाभर पाणी थांबतं. ते काढायला हवा मारा. टायरचा छोटा कंप्रेसर चालतो, पंपाच्या पुढच्या नळीला जोडायचा, दाब दोन बारच्या वर न्यायचा नाही. बहुतेक पंप पावणेतीन बारच्या आसपास थांबतात, सांधे तेवढ्यासाठी बनलेले असतात. सगळे नळ एकदम उघडे ठेवलेत तर हवा सोप्या वाटेने निघून जाते. एकेक नळ उघडा, फुर्रफुर्र थांबेपर्यंत थांबा, बंद करा, पुढचा घ्या. आधी लांबचा, मग जवळचा. गरम आणि थंड वेगवेगळे. बाहेरचा शॉवर असेल तर तो हमखास विसरला जातो. शेवटी सगळे पुन्हा उघडे. माझी आणखी एक सवय: ड्रेन कॉक उघडा ठेवून गाडी दुपारी चार-पाच किलोमीटर खडबडीत रस्त्यावर फिरवायची. कंप्रेसरने न निघालेलं बरंचसं ती हलवाहलव काढते.

शॉवरची नळी हुकवर टांगलेली ठेवू नका. तिचं डोकं काढा आणि नळी खाली ट्रेमध्ये सोडा. सिंक आणि शॉवरखालच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे वास अडवणाऱ्या वाकड्या नळीत, पाणी राहतंच, ते काढलं तर वास वर येतो. तिथे खाण्याच्या दर्जाचं प्रॉपिलीन ग्लायकॉल कपभर ओता, ते विषारी नाही आणि केमिकलच्या दुकानात मिळतं. नाही मिळालं तर मिठाचं कडक पाणी. मीठ विरघळेनासं होईपर्यंत घातलेलं पाणी उणे २१ अंशांपर्यंत गोठत नाही, म्हणजे मनालीला पुरून उरतं. आगरवाड्याचं जाडं मीठ घेऊन गेलात तर तेवढंच गावचं काहीतरी बरोबर. मात्र ट्रॅप प्लॅस्टिकचा हवा, धातूला मीठ खाऊन टाकतं, आणि हे पाणी ताज्या पाण्याच्या लाइनीत कधीही नको.

सांडपाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून द्या. ती रिकामी करायची ती हॉटेलच्या किंवा वर्कशॉपच्या गटारात, बियासच्या काठावर नव्हे. कॅसेट टॉयलेटला फ्लशची वेगळी छोटी टाकी असते, तीही सोडा, कॅसेट धुऊन वाळवा, आणि झडप किंचित उघडी ठेवा म्हणजे रबर चिकटून बसणार नाही. त्या रबराला खोबरेल तेल लावायचा मोह आपल्या लोकांना होतो. नको. ते २४ अंशांच्या खाली घट्ट होतं आणि स्वयंपाकाचं तेल असलं रबर हळूहळू फुगवू शकतं. सिलिकॉन ग्रीस घ्या.

पाण्याव्यतिरिक्त दोन-तीन गोष्टी झटकन. काचेवर पाणी मारायच्या बाटलीतलं गोव्याचं साधं पाणी संपवा. इंजिनाचं कूलंट गॅरेजमध्ये मोजून घ्या, आपल्याकडे वर्षानुवर्षं त्यात पाणीच घातलेलं असतं आणि तिथे फुटतो तो रेडिएटर, नळ नव्हे. बीएस-सिक्स डिझेल गाडीतलं डीईएफ, म्हणजे धूर साफ करणारं युरियाचं पाणी, उणे ११ अंशांना गोठतं, पण त्याची टाकी तसं धरूनच बनवलेली असते, त्याची चिंता नको. लिथियमची बॅटरी शून्याखाली चार्ज करायची नसते, तेव्हा सोलरचा स्विच बंद करून या. साधी लेड-ॲसिड असेल तर पूर्ण चार्ज करून तारा काढा. उतरलेली बॅटरी थोड्याशा थंडीतही गोठते.

एक तक्रार आहे ती बोलतोच. आपल्याकडे गाड्या बांधणारे बरेच जण घरातल्या प्लंबिंगसारखा सीपीव्हीसी पाइप सोल्यूशनने चिकटवून देतात. घराला ठीक आहे, घर हलत नाही. गाडीत तो धक्क्यांनी कंटाळतो आणि थंडीत काचेसारखा कडक होतो. थोडं ताणून घेणारा पेक्स पाइप किंवा जाळीचा होज आणि क्लिप, आणि सगळ्यात खालच्या बिंदूला एक ड्रेन कॉक, एवढं मागून घ्या. निघायला अजून वेळ असेल तर धारगळला माझ्या शेडवर किंवा तुमच्या ओळखीच्या कुणाकडेही हा कॉक बसवून घ्या, अर्ध्या दिवसाचं काम आहे. बसवल्यावर घरच्या अंगणात एकदा सगळी रंगीत तालीम करा. मृगाआधी कौलं शाकारतो तसं, ऊन असताना. इथे चुकलात तर फक्त पाय भिजतील. तालमीत बादलीने मोजून भरा आणि मोजून काढा. जेवढं कमी आलं तेवढं कुठे बसलंय ते शोधा आणि ती जागा स्केचपेनने दारामागे लिहून ठेवा. तिथे बोटं गारठलेली असताना आठवण दगा देते.

मार्चमध्ये गेल्यावर घाई करू नका. दुपार होऊ द्या. गीझरचा व्हॉल्व्ह, पंपाच्या नळ्या, फिल्टर जागेवर, कॉक बंद. टाकीत फक्त दहा-बारा लिटर घाला. एकजण पंपाच्या स्विचपाशी उभा राहील, दुसरा टॉर्च घेऊन फरशीखाली आणि कपाटांत. नळ उघडे ठेवूनच पंप लावा, हवा निघून पाणी सलग आलं की एकेक बंद करा. सगळे बंद झाल्यावर पंप थांबला पाहिजे आणि पाच मिनिटं गप्प राहिला पाहिजे. मधेच एकदा जरी घरघरला तर कुठेतरी पाणी जातंय. आधी शॉवरचा मिक्सर बघा, मग पंपाचं डोकं, मग गीझरखालचा सांधा. गीझरचा स्विच मात्र गरम नळातून सलग धार आल्याशिवाय लावू नका, ती चिकटपट्टी तोवर काढायची नाही.